पोटातल्या तराजूचा पासंग

मध्यंतरी एका परिसंवादात एका विद्यार्थ्याने तळहातावर एक वस्तू धरून दाखवली. आकाराने चिंचोक्याहून लहान. "हा सेन्सर पोटातल्या लघवीच्या पिशवीत, म्हणजे मूत्राशयात बसेल, आतला दाब मोजेल आणि मोबाइलवर कळवेल," तो म्हणाला. पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ मूत्ररोगतज्ज्ञ उठले. "माझ्या पेशंटला लघवी काढायच्या महिन्याच्या नळ्या परवडत नाहीत आणि तुम्ही चिपा कसल्या घालताय?" टाळ्या पडल्या. विद्यार्थ्याच्या बाजूने एक प्राध्यापक उभे राहिले. पेसमेकरलाही लोक हसलेच होते, असं ते म्हणाले, आणि त्यांनाही टाळ्या मिळाल्या. मग चहा झाला आणि विषय संपला.

मी उपकरणशास्त्र शिकवते आणि हा वाद गेली काही वर्षं याच दोन वाक्यांवर अडकलेला पाहते आहे. एक बाजू आकार मिरवते, दुसरी किंमत विचारते. माझं म्हणणं असं की हा सेन्सर बनवायलाच हवा, कारण काही रुग्णांच्या बाबतीत तो चैन नाही, गरज आहे. पण तो किती लहान आहे हा त्याचा निकषच नव्हे. पाच वर्षांनी तो खरं बोलत असेल का, आणि खोटं बोलू लागला तर बाहेर कसा येईल, हे दोन प्रश्न आधी सुटले पाहिजेत. ते ज्याने सोडवले नाहीत त्याने चिंचोका केला काय आणि मोहरी केली काय, सारखंच.

दाबाचं एवढं कौतुक कशाला, हे आधी सांगायला हवं. निरोगी माणसाच्या पिशवीत 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते, आणि ती भरत असताना आतला दाब जेमतेम दहा-पंधरा सेंटिमीटर पाण्याइतका असतो. भिंतीचा स्नायू सैल पडत जातो म्हणून हे जमतं. मज्जारज्जूला इजा झाली, किंवा मूल स्पायना बिफिडा हा मणक्याचा दोष घेऊन जन्मलं, तर हा ताळमेळ बिघडतो. स्नायू आवळतो त्याच वेळी दारही आवळलं जातं. कोंडलेला दाब मूत्रवाहिन्यांतून वर मूत्रपिंडांवर जातो. आणि यातला कळीचा भाग असा की रुग्णाला काहीच जाणवत नाही. कंबरेखालची संवेदनाच गेलेली असते, त्यामुळे दुखणं नाही, तक्रार नाही. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर मूत्रपिंडांचा बराच भाग कामातून गेलेला असतो. लुडविग गुटमन यांनी 1944 मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल इथे मणक्याच्या दुखापतींचं केंद्र सुरू केलं, त्याआधी अशा बहुतेक रुग्णांचा शेवट ठरलेला असे: शय्याव्रण किंवा लघवीचा संसर्ग. गुटमन यांनाही तेव्हा 'यांच्यावर एवढा खर्च कशाला' हे ऐकावं लागलंच.

आज दाब मोजायचा तर युरोडायनॅमिक टेस्ट करतात. एक बारीक नळी पिशवीत, दुसरी गुदद्वारात, आणि सलाइनने पिशवी भरायची. मूत्रपिंडं मिनिटाला एक-दोन मिलिलिटर लघवी बनवतात. टेस्टमध्ये मिनिटाला 50 मिलिलिटरपर्यंतही भरतात, कारण दिवसभर कोण थांबणार? अनोळखी खोली, अंगावर चादर, दोन नळ्या, अर्धा-पाऊण तास. हे वर्षातून एकदा. वर्षाचे तास 8,760. उरलेल्या वेळात, रात्री दोन वाजता झोपेत, व्हीलचेअरवरून पलंगावर सरकताना, तापात, त्या पिशवीत काय घडतं? नॉर्मन होल्टर यांनी 1961 मध्ये अंगावर बाळगायच्या ईसीजी यंत्राविषयी लिहिलं, त्याआधी हृदयाची हीच गत होती. दवाखान्यातल्या त्या मिनिटभरात हृदय शहाण्यासारखं वागलं की माणूस ठणठणीत. मधुमेहींना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. उपाशीपोटी एक दिवसाची साखर चांगली आणायला चार दिवस जपून खाल्लं की पुरतं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी तसं करू देत नाही. पिशवीच्या दाबाची 'तीन महिन्यांची सरासरी' अजून कुणी पाहिलेलीच नाही.

ज्या आकड्यावर सगळी भिस्त आहे तोही बघा. एडवर्ड मॅक्ग्वायर आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मज्जारज्जूचा जन्मजात दोष असलेल्या 42 रुग्णांचा अभ्यास मांडला. ज्यांची लघवी 40 सेंटिमीटरहून जास्त दाबाला गळू लागे, त्यांची मूत्रपिंडं बिघडण्याची शक्यता मोठी होती. तेव्हापासून 40 हा आकडा जगभर धोक्याची रेषा म्हणून वापरला जातो. काम मोलाचंच होतं. पण रोज दहा मिनिटं 60 वाईट की सहा तास 35 वाईट, हे त्या आकड्यातून कसं कळणार? माझ्या लेखी सेन्सरचा पहिला उपयोग उपचाराचा नाहीच. आपण ज्या मोजमापावर ऑपरेशनांचे निर्णय घेतो ते मोजमाप पुरेसं आहे का, हे शोधण्याचा आहे.

आता त्या ज्येष्ठ डॉक्टरांची बाजू, आणि ती त्यांनी मांडली त्यापेक्षा भक्कम आहे. 1972 मध्ये मिशिगनच्या जॅक लॅपिडीझ यांनी सांगितलं की रुग्णाने दर काही तासांनी स्वतःच, साध्या स्वच्छ हातांनी नळी घालून पिशवी रिकामी करावी. निर्जंतुक थाटमाट लागत नाही. जाणकारांनी कपाळाला हात लावला. निर्जंतुक नसलेली नळी, तीही रोज पाच वेळा? लॅपिडीझ यांचं म्हणणं होतं की घात जंतूंपेक्षा ताण करतो. पिशवी ताणली, आत दाब वाढला की भिंतीचा रक्तपुरवठा आटतो आणि मग जंतूंचं फावतं. काळाने त्यांचीच बाजू घेतली. एका प्लास्टिकच्या नळीने जेवढी मूत्रपिंडं वाचवली तेवढी कुठल्याही चिपने वाचवलेली नाहीत. त्यापुढेही जाऊन सांगते: दाब मोजायलासुद्धा चिप लागतेच असं नाही. स्पायना बिफिडाच्या मुलांचे पालक घरच्या घरी नळी उभी धरून आणि शेजारी फूटपट्टी लावून दाब बघू शकतात. लघवी नळीत जितके सेंटिमीटर चढली तितका दाब. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातलं तत्त्व, खर्च शून्य.

मग सेन्सर कशाला? कारण फूटपट्टी फक्त नळी घालायच्या क्षणी बोलते. दिवसातून पाच वेळा, तीही माणूस जागा असताना. दोन वेळांच्या मध्ये, विशेषतः पहाटेच्या लांब पल्ल्यात, स्नायू कितीदा आवळला आणि किती वर गेला, हे तिला ठाऊक नसतं. आणि 'नळ्या परवडत नाहीत' हे कारण असेल तर ते नळ्या मोफत देण्याच्या बाजूचं कारण आहे, सेन्सर न बनवण्याचं नव्हे. मूत्रपिंडं गेल्यावर 2016 पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात सरकार जिल्हा रुग्णालयात डायलिसिस देतंच. आठवड्यातून दोन-तीन खेपा, जन्मभर. ती वेळ येऊ नये म्हणून आधी केलेला खर्च तेवढा चैन कसा ठरतो?

इथवर मी विद्यार्थ्याच्या बाजूने बोलले. आता त्याची उलटतपासणी.

हवेचा दाब सुमारे 1,033 सेंटिमीटर पाण्याइतका असतो. आत पुरलेला सेन्सर बाहेरच्या हवेशी जोडलेला नसतो, म्हणून तो हवेचा आणि पिशवीचा मिळून एकूण दाब मोजतो. आपल्याला हवेत त्यातले वरचे दहा, वीस, चाळीस. म्हणजे एक टक्का चूक झाली तर दहा सेंटिमीटरचा घोटाळा. हे मुलांना समजावं म्हणून मी त्यांना खंडाळ्याच्या घाटात नेते, कागदावर. रुग्ण मुंबईहून पुण्याला आला. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच. या प्रवासात हवेचा दाब साठ-पासष्ट सेंटिमीटर पाण्याइतका उतरतो. धोक्याच्या रेषेच्या दीडपट! पिशवीतला खरा दाब 50 असला, म्हणजे मूत्रपिंडं संकटात असली, तरी मुंबईत शून्य केलेला सेन्सर पुण्यात शून्याच्या खालचा आकडा दाखवील आणि मोबाइलवर हिरवा दिवा लागेल. उपाय आहे: कंबरेला बाहेरून लावायच्या यंत्रात हवेचा दाब मोजणारा दुसरा सेन्सर ठेवायचा आणि वजाबाकी करायची. पण मग तराजू दोन झाले, आणि दोघांचा पासंग वेगळा.

पासंग हाच खरा मुद्दा. नवा तराजू बरोबर असतो. वापरता वापरता एक पारडं झुकू लागतं. आमच्या धंद्यात याला ड्रिफ्ट म्हणतात. सेन्सरवरच्या सिलिकोनमधून ओलाव्याची वाफ हळूहळू आत झिरपते. पातळ पडद्यावर शरीर आपल्या पेशींचं अस्तर चढवतं. चिकटवलेल्या थरांतला ताण महिनोन् महिने सैल होत राहतो. जानेवारीत रिकाम्या पिशवीचा दाब 5 दिसत होता, जूनमध्ये 17 दिसतो. स्नायू कडक झाला की सेन्सर सरकला? नुसता आकडा बघून हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. भाजीवाल्याच्या काट्यावर वैधमापनवाले ठरावीक मुदतीने शिक्का मारतात, आणि शंका आली तर आपणही रिकामं पारडं बघू शकतो. पोटातल्या काट्याचं रिकामं पारडं कोण बघणार? त्यात खोकला, शिंक, कुशीवर वळणं. पोटाचा दाब क्षणात शंभरावर जाऊन येतो आणि तोही पिशवीच्या खाती पडतो. टेस्टमध्ये गुदद्वारातली नळी तो वजा करायला असते. इथे ती नाही. खोकला झटक्यात चढतो-उतरतो आणि स्नायूचा दाब सावकाश चढतो, यावरून सॉफ्टवेअर दोन्ही वेगळे करू शकतं, आणि ते बऱ्यापैकी जमतं. पण शून्यच सरकला असेल तर सॉफ्टवेअर काय करणार? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

आणि इथे मला दोन्ही पक्षांची गंमत वाटते. चिपवाले नळीला जुनाट म्हणतात, नळीवाले चिपला थेर म्हणतात, आणि चिपचा पासंग तपासायचं साधन नेमकं ती नळीच आहे! रुग्ण दिवसातून चार-सहा वेळा नळी घालतोच. पिशवी रिकामी करण्याआधी, ओटीपोटाच्या हाडाच्या वरच्या कडेपासून मोजून, ती नळी क्षणभर उभी धरली की लघवी खऱ्या दाबाइतकी चढते. तोच क्षण सेन्सरच्या नोंदीशी ताडायचा. एखाद्या वेळी हवेचा बुडबुडा असेल, एखाद्या वेळी माणूस खोकेल. एका नोंदीवर विसंबू नये. पण आठवड्याच्या पंचवीस-तीस जोड्या जमल्या की सरकलेला शून्य लपून राहणं कठीण. हे मी सुचवते आहे, सिद्ध झालेलं नाही. तरी फुकटात उभा असलेला हा तपासनीस डिझाइनच्या पहिल्या कागदावर दिसत नाही, याचं कारण माझ्या मते एवढंच की फूटपट्टी दाखवून कुणाला गुंतवणूक मिळत नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. पिशवीत मोकळा सोडला तर सेन्सरवर क्षार बसतात. मूतखड्याच्या ऑपरेशननंतर मूत्रवाहिनीत घातलेला डीजे स्टेंट, म्हणजे तात्पुरती नळी, काढायला पेशंट परत आलाच नाही, आणि वर्षा-दोन वर्षांनी तो खड्यांनी मढलेला सापडला, असा किस्सा आपल्याकडच्या कुठल्याही मूत्ररोगतज्ज्ञाला विचारा. एकाच्या जागी चार ऐकवील. युरिया फोडणारे जंतू असतील तर हे काम आणखी झपाट्याने होतं. सेन्सर अस्तराखाली बसवला तर लघवीचा संबंध सुटतो, पण जी भिंत दिवसातून पाच वेळा फुगते आणि मिटते तिच्यात एक ताठर वस्तू राहणार. ती अस्तर झिजवून आत उतरण्याची भीती असते. भिंतीच्या बाहेरून बसवला तर मोठं ऑपरेशन, आणि भोवती तयार होणारा व्रणाचा कोष दाबाचा निरोप बदलून टाकतो. निर्दोष जागा नाहीच. क्लीव्हलंडच्या संशोधकांनी अस्तराखालची वाट प्राण्यांत चोखाळली आणि थोड्या वेळापुरतं पिशवीत राहून बाहेर काढता येणारं, नळीविना चालणारं उपकरणही माणसांवर आजमावलं. मला ही दुसरी वाट शहाणपणाची वाटते. आधी तासांचं खरं बोला, मग दिवसांचं, मग वर्षांचं.

घाई करणारे पेसमेकरचा दाखला देतात. देऊ द्या, पण पुरता द्या. 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना शरीरात पूर्ण बसवलेला पहिला पेसमेकर लावला. तो काही तासांत बंद पडला. लार्सन मात्र 2001 पर्यंत, वयाच्या 86 व्या वर्षापर्यंत जगले, आणि तोवर त्यांचे वीसहून जास्त पेसमेकर बदलून झाले होते. म्हणजे तो टिकाऊपणाचा विजय नव्हता, बदलता येण्याचा होता. डबी त्वचेखाली होती. छोटी चीर दिली की नवी बसे. मूत्राशयाची भिंत वीस वेळा उघडणार आहात का? शिवाय लार्सन यांना थांबायला वेळ नव्हता, हृदय दिवसातून कित्येकदा बंद पडत होतं. आपल्या रुग्णाकडे वर्षं असतात. घाई त्याची नाही, निधीच्या मुदतीची आहे.

याच घाईतून 'बंद चक्रा'चं स्वप्न येतं. माकडहाडाजवळच्या मज्जातंतूंना विजेचे हलके धक्के देऊन लघवीवर ताबा मिळवून देणारं उपकरण अमेरिकेत 1997 पासून मान्यताप्राप्त आहे. ते आंधळेपणाने धक्के देतं, आतला दाब त्याला कळत नाही. मग सेन्सर दाब सांगेल, यंत्र लागेल तेवढाच धक्का देईल, माणूस मध्ये नकोच. 2019 च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये असं चक्र उंदरांत चालवून दाखवल्याचा निबंध आला: पिशवीभोवती लवचीक पट्टा, मज्जातंतूंवर प्रकाश, तारांशिवाय. काम देखणं आहे. पण उंदराच्या पिशवीत एखादा मिलिलिटर मावतो. आणि पासंग न तपासलेल्या तराजूच्या हाती माणसाच्या नसा द्यायच्या हे मला मान्य नाही. चुकीचा आकडा डॉक्टरने वाचला तर तो निदान भुवई उंचावतो. यंत्राला भुवई नसते.

फुप्फुसाच्या धमनीत बसणाऱ्या कार्डिओमेम्स या बिनबॅटरीच्या सेन्सरची गोष्ट या संदर्भात मी दर वर्षी वर्गात सांगते. 550 हृदयरुग्णांवर चाचणी झाली, रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण उतरलं, 2011 मध्ये निकाल प्रसिद्धही झाले. तरी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लगेच मंजुरी दिली नाही. ती मिळायला 2014 उजाडलं. आक्षेप काय होता? ज्यांचा दाब डॉक्टरांना दाखवला जात होता, त्या गटासाठी कंपनीच्या नर्सेसही डॉक्टरांना उपचार सुचवत होत्या. मग गुण सेन्सरचा की नर्सचा? पुढच्या आकडेवारीतून सेन्सरच्या बाजूने कौल लागला. पण मला तो आक्षेपच जास्त शिकवून जातो. आकडा पाठवणं सोपं. पलीकडे तो वाचून फोन करणारं कुणीतरी पगारावर असावं लागतं. आपल्या जिल्हा रुग्णालयात ती खुर्ची कुठे आहे? सेन्सरच्या खर्चात मी ती खुर्ची धरते, आणि मग खरा आकडा समोर येतो.

राहिली शेवटची भीती, आणि ती काल्पनिक नाही. सेकंड साइट नावाच्या अमेरिकन कंपनीने साडेतीनशेहून अधिक अंध माणसांच्या डोळ्यांत कृत्रिम दृष्टिपटल बसवलं आणि मग पैसे संपल्यावर त्या यंत्राची साथ सोडली. यंत्र डोळ्यात, दुरुस्ती करणारं कुणी नाही, एमआरआय करायचा तर विचारायचं कुणाला तेही ठाऊक नाही. आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली, हे चांगलंच झालं. पण एएसआर हा खुब्याचा सांधा 2010 मध्ये जगभरातून मागे घेतला गेला आणि आपल्या केंद्र सरकारची तज्ज्ञ समिती 2017 मध्ये नेमली गेली, हेही विसरायला नको. सात वर्षं माणसं तोच सांधा घेऊन चालत होती. म्हणून परवानगी देतानाच कंपनीकडून सेन्सर काढण्याच्या ऑपरेशनचा खर्च ठेव म्हणून घ्यावा, आणि सेन्सर ज्या भाषेत बोलतो ती भाषा सरकारदरबारी जमा करून ठेवावी. कंपनी बुडाली तर दुसऱ्या कुणाला ते ऐकता तरी येईल. यावर 'अशाने कुणी कंपनी काढणारच नाही' असं उत्तर मिळतं. लघवीच्या पिशवीत कायमची वस्तू ठेवणाऱ्याला ती काढायची जबाबदारी जड वाटत असेल, तर त्याने दुसरं काही बनवावं.

त्या दिवशी चहाच्या वेळी मी विद्यार्थ्याला गाठलं आणि एकच विचारलं: किती दिवस पाण्यात ठेवून पाहिलास? अकरा, तो म्हणाला. नळाच्या पाण्यात. मी त्याला सांगितलं, युरिया आणि क्षार घालून कृत्रिम लघवी बनव, 37 अंशांवर ठेव, शेजारी पाण्याचा उभा स्तंभ लाव आणि रोज दोन्ही आकडे वहीत लिही. दोन वर्षं. दोन वर्षं म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. त्याचा अभ्यासक्रम मे महिन्यात संपतो. पण गेल्या आठवड्यात त्याचा निरोप आला की प्रयोगशाळेत कुणी हलवणार नाही अशी जागा मिळत नाहीये, जिन्याखाली चालेल का? जिन्याखाली वीजजोडणी आहे का, ते आता बघायचंय.